अर्धा स

१९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय खिळेबुवा,

अर्धा नमस्कार तुला आणि अर्धा हे पत्र वाचून दाखवणाऱ्या तुझ्या लेकीला. तुझे डोळे अगदीच गेले हे आपल्या बाइंडरकडून कळलं. छपाईचे शिशाचे उलटे खिळे घडाघडा वाचणारा तू, आणि आता सुलटं अक्षरही दिसेना, हा काय न्याय झाला? बाळ, माझं अक्षर हल्ली वेडंवाकडं येतं, सांभाळून घे. पण एकही ओळ गाळू नकोस.

इकडे सगळं ठीक. खिडकीखाली शाळा आहे. अकराच्या सुमारास मुलं तालात कविता म्हणतात आणि मी वर खुर्चीत बसून ओठ हलवतो. सूनबाई म्हणते, बाबा, तुमचं नाव चौथीत घालून येऊ का? काल काय जेवलो ते आठवत नाही, पण चौथीच्या कविता एकजात पाठ आहेत. हाच माझा गुण आणि हाच माझा रोग. त्याकडे येतोच.

आपला छापखाना फार आठवतो रे. तीन पायऱ्या उतरल्या की शाईचा आणि घासलेटाचा वास. तू खणांपुढे उभा, नजर दुसरीकडेच, आणि बोटं मात्र बरोबर त्या त्या खिळ्यावर. मी उजेडाच्या खिडकीशी लाल शाईची दौत घेऊन मुद्रितं, म्हणजे छपाईआधीची कच्ची पानं, वाचत बसलेलो. एक चुका पेरतो, दुसरा वेचतो आणि दोघे मिळून मला म्हातारा करता, असं मालक म्हणायचे. दुपारी मागच्या अंगणात एक सिगारेट दोघांत. पहिला झुरका तू नेहमी मला द्यायचास.

त्या झुरक्यांनी मला गाठलंच. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला, साडेतीन महिने झाले. सर्जन म्हणाले, मार्जिन स्वच्छ आहे. म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या कडेला रोग नाही. मी म्हटलं, डॉक्टर, आमच्या धंद्यात समास स्वच्छ दिसला की समजायचं, वाचणारा झोपला होता. ते हसले. मला मात्र पुढे हसू आलं नाही.

नंतरची तपासणी एका तरुण डॉक्टरीणबाईकडे आहे. स्कॅन चांगला आला होता, सूनबाईने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण काढलेली गाठ त्यांनी मेणाच्या वडीत जपून ठेवलेली असते. त्यातली जनुकं तपासली, माझं रक्तही तपासलं. मी विचारलं, स्कॅन चांगला असताना आणखी काय शोधता? ती म्हणाली, "आजोबा, स्कॅनला दिसायला गाठ निदान डोळ्यात भरेल एवढी व्हावी लागते. या खुणा त्याच्या आधी दिसतात." मग कागदावर जनुकाची, चारच अक्षरं फिरून फिरून येणारी एक लांबलचक ओळ दाखवली आणि मधल्या एका अक्षरावर पेन्सिल टेकवली. इथे बदललंय म्हणाली. जे अक्षर गाठीत बदललेलं, तेच थोडंसं रक्तातही सापडलं.

मी म्हटलं, म्हणजे दुसऱ्या मुद्रितातही तीच चूक. ती म्हणाली, तसंच समजा.

रोग परत येण्याचा संभव बराच आहे. हा अंदाज आहे, भविष्य नव्हे, हे तिने तीनदा सांगितलं. सोमवारपासून औषधं सुरू. मी हो म्हटलंय. त्यानंतर हात कितपत चालेल, डोकं कितपत शाबूत राहील, सांगता येत नाही. म्हणून आज लिहायला बसलो.

खिळेबुवा, एका अक्षराची चूक म्हटल्यावर तुला काय आठवलं असेल ते मला ठाऊक आहे.

चौथीचं कवितांचं पुस्तक. दूर गावी चालताना होते आईचे स्मरण. त्यातला अर्धा स गळला आणि दहा हजार प्रतींत छापलं गेलं, होते आईचे मरण. मालकांनी तपासलेलं मुद्रित मागवलं. ते आणायला मी आत गेलो. पान उघडलं तर समास स्वच्छ, आणि खाली माझी सही. ती कविता मला पाठ होती ना, उगाच का तू मला कविराज म्हणायचास. मी पान वाचलंच नव्हतं, मनातल्या मनात म्हणून गेलो होतो.

मी दौतीत टाक बुडवला आणि समासात स ची खूण केली. मग पान बाहेर आणलं.

मालकांनी ते तुझ्यापुढे धरलं. खूण केलेली आहे, तू दुरुस्ती का केली नाहीस, म्हणाले. तू पान हातात घेतलंस. शाई ओली होती. तुझा अंगठा लाल झाला. तू अंगठ्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. माझ्या घरी दहा दिवसांची बाळंतीण आहे हे तुला माहीत होतं. अंगठा पँटीला पुसलास आणि म्हणालास, "राहिली असेल माझ्याकडून."

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तुझी जागा रिकामी. पुढे तू वखारीत वजनं करत होतास असं ऐकलं. एकदा बाजारात दिसलास, मी गल्ली बदलली. एकेचाळीस वर्षं गल्ल्याच बदलतोय. डॉक्टरीणबाईच्या खुणा रोगाच्या आधी उमटतात. माझी एक खूण उशिरा उमटली आणि एका घराचं वाटोळं करून गेली.

बाळ, आता हे तुझ्यासाठी. ते पुस्तक त्या वर्षी तुझ्याच वर्गाला लागलं होतं. मुलं तुला काय म्हणून चिडवायची ते माझ्या कानावर आलं होतं, आणि तरीही मी गप्प बसलो. तुझ्या बाबांच्या हातून खिळा गळला असेल. खिळे गळतातच, कोणाच्याही हातून. तो पकडणं हे माझं काम होतं. मी पकडला नाही, आणि पकडला होता असं खोटं लिहिलं. दुरुस्ती त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. हे शेवटचं वाक्य बाबांना पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखव. शेजारी कोणी असेल तर त्यांनाही ऐकू दे.

मित्रा, तू हे पहिल्यापासून जाणतोस, तेव्हा तुला नवीन काही सांगत नाही. तुझ्या घरात तुझ्या तोंडून ते कधी निघालं नसणार, एवढंच मला पक्कं माहीत आहे.

रविवारी सकाळी दहाला येतो. जिने चढताना दम लागतो, थोडं मागेपुढे होईल. दार उघडायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवा. नाही उघडलं तरी पायरीवर जरा टेकेन आणि जाईन.

पत्र दोनदा वाचलं आहे, पाठ नसल्यासारखं, एकेक अक्षर. मगच खाली सही करतो.

तुझा अपराधी,
कविराज