डोक्यावर खूण नसलेला बोल्ट

दादा, जय भीम.

तू गेल्यापासून मनातल्या मनात तुझ्याशी रोज बोलतो. कागदावर आज पहिल्यांदाच लिहून राह्यलो, कारण आज मला तुझी परवानगी पाहिजे.

झांबियाहून चौकशीवाल्यांचा मेल आलाय. तुझ्या विमानाच्या डाव्या पंखाला आधार देणाऱ्या दांडीचा बोल्ट तुटला आणि पंख मिटला, असं त्यांनी शोधून काढलंय. त्या बोल्टच्या डोक्यावर कंपनीची खूण न्हाई. हा बोल्ट कुठून आला, घरच्यांपैकी कुणाला माहीत आहे का, असं विचारलंय. आज संध्याकाळपर्यंत उत्तर पाहिजे.

मला माहीत आहे दादा. तू गेल्यावर आता फक्त मलाच माहीत आहे.

बियाण्याच्या कंपनीनं तुला तिकडं मक्याच्या प्लॉटवर पाठवलं, तेव्हा तू विमानाचं किट मागवशील असं कुणाच्या स्वप्नात तरी होतं का! एका माणसाचं विमान. उघडी खुर्ची, मागं इंजिन, कापडाचे पंख. पेटीत सुटे भाग येणार आणि आपण जोडायचे. आईनं लग्नाचा विषय काढला की तुझं ठरलेलं उत्तर, "विमान झालं की लगेच, आई!" ती बिचारी मुलींचे फोटो गोळा करत बसली.

पेटी जहाजानं आली आणि कस्टममध्ये अडकली. ही मशिनरी, का खेळणं, का खरंच विमान, हेच तिथल्या साहेबाला ठरवता येईना. तू फोनवर हसून सांगायचास, "साहेबाला म्हणलो, आधी उडवून दाखवतो, मंग ठरवा!" शेवटी पेटी सुटली, पण कुणीतरी उघडून परत बांधलेली, आणि बोल्टची एक पिशवी गायब. विमानाची कंपनी म्हणली, नवे पाठवायला दीड महिना लागेल. तोवर पाऊस सुरू होणार, गवताच्या धावपट्टीचा चिखल होणार.

होऊ दिला असतास ना चिखल! काय बिघडलं असतं रे? एवढी कशाची घाई होती तुला?

तू मला फोन केलास. "बाळ्या, चार बोल्ट करून दे. मापं पाठवतो." मापाची वर्निअर पट्टी लावून काढलेला फोटो आणि खाली एकच ओळ, 'वाकला तरी चालेल, तुटायला नको.' ती ओळ अजून माझ्या फोनात आहे. दिवसातून दहादा वाचतो. तू सगळं बराबर सांगितलं होतंस. मीच शहाणा झालो.

एमआयडीसीत दहा वर्षं लेथ चालवतो मी. रोलिंग मिलवाले अडलं-नडलं की माझ्याकडं येतात. आणि आता माझ्या दादाच्या विमानाला जालन्याचं लोखंड लागणार! छाती अशी फुगली म्हणून सांगू. ठरवलं, कंपनीपेक्षा कडक माल द्यायचा. बोल्ट भट्टीत लाल केले आणि तेलात विझवले. असा विझवलेला माल कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळही होतो. त्याला परत मंद आचेवर तापवून नरम आणावं लागतं. हे मला झोपेतही सांगता येईल.

पण तुझ्या बियाण्याच्या कंपनीचे साहेब त्या दुपारी जालन्याहून तिकडं यायला निघणार होते. त्यांच्याकडं तुझ्यासाठी डबा द्यायचा होता. मी एका बोल्टवर कानस घासून बघितली. कानस नुसती घसरत होती, ओरखडासुद्धा न्हाई. मी खूष! "झालं काम," म्हणलो, शेंगदाण्याच्या चटणीच्या डब्यात चारही बोल्ट खुपसले आणि पळत जाऊन साहेबांच्या गाडीत दिले. दोन तास थांबून नरम आणले असते दादा, फक्त दोन तास. तुला घाईबद्दल बोलायला माझं तोंड आहे का?

महिनाभर टिकले ते बोल्ट. तू वरून व्हिडिओ पाठवलास. "आई, आपल्या अंकुशनगरसारखंच दिसतंय बघ, फक्त उसाच्या जागी मका!" आई डोळ्यांवर हात धरून बोटांच्या फटीतून बघत होती. "पडशील रे बाबा, उतर खाली!" असं फोनवरच ओरडत होती. मी हसत होतो. मला कसली भीती? बोल्ट माझे होते ना!

त्यानंतर तू पेटीतून आलास.

तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे घरी जमले, त्या दिवशी जो तो विमानाच्या कंपनीला शिव्या देत होता. मामा म्हणले, "केस टाका. एवढा परदेशी माल आणि असा?" सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मी होकाराची मान हलवली. वंदना सुरू झाली, पंचशील म्हणायची वेळ आली. खोटं न बोलण्याचं शील माझ्या तोंडातून बाहेर पडंना.

आणि मोझेस. तुझ्याबरोबर विमान जोडणारा तो मेकॅनिक. तपासणीच्या कागदावर त्याची सही आहे, म्हणून त्याचं काम बंद केलंय. त्यानं मला मेसेज केला, 'बोल्ट कंपनीनंच पाठवले असं तुझ्या भावानं मला सांगितलं होतं. मी त्याच्यावर विश्वास ठेवला.'

का रे दादा? त्यानं ते बोल्ट लावू दिले नसते, म्हणूनच ना? लहानपणी उसाच्या ट्रॉलीवरून चादर पसरून उडी तू मारायचास, चादर फाटली की "बाळ्यानं फाडली" असं घरी सांगायचास, आणि मार मला बसायचा. तेव्हा हसू यायचं. आता त्या माणसाचं घर बसलंय दादा!

खरं सांगितलं तर तुझं खोटं जगासमोर येतं. गप्प बसलो तर मोझेस मरतो. मेल येऊन आठ दिवस झाले, लेथ बंद आहे. जेवण जात न्हाई. सारखं वाटतं, सोडावं सगळं आणि यावं तुझ्याकडं.

आज सकाळी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत बसली होती. म्हणलो, "आई, तो बोल्ट मी केल्ता." तिला कळलंच न्हाई. परत सगळं सांगितलं. तिनं ताट बाजूला सारलं, उठली आणि मला मारायला लागली. पाठीत, खांद्यावर, हात पोचेल तिथं. तिशी ओलांडलेला घोडा मी, मार खात उभा राहिलो. "माझं लेकरू खाल्लंस तू," म्हणली. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

मंग खाली बसली. ताट परत पुढं ओढलं आणि विचारलं, "त्या मोझेसला लेकरं हायत का?"

"तीन हायत."

"आई हाय त्याची?"

"हाय."

"मंग लिही."

मी म्हणलो, "दादाचं नाव खराब होईल, आई."

"त्याला आता नाव घेऊन काय करायचंय? त्या माणसाला काम पायजे." एवढं बोलून ती ओसरीवर जाऊन बसली. अजून तिथंच आहे.

मेल लिहून तयार आहे. बोल्ट कसे केले, काय राहून गेलं, सगळं लिहिलंय. मोझेसशी तू खोटं बोललास तेही लिहिलंय. तू असतास तर भडकला असतास, आणि मंग म्हणला असतास... जाऊ दे. माझ्या सोयीचं काही तुझ्या तोंडी घालत न्हाई. परवानगी मागायला बसलो होतो, पण तू आता देणार कशी? आयुष्यात पहिल्यांदाच तुझ्या होकाराशिवाय एक काम करून राह्यलो. माफ करता आलं तर कर.

हे पत्र संपलं की मेल पाठवतो. तुला एक शब्द देतो दादा. आई आज माझ्याशी परत बोलली न्हाई. उद्या बोलेल का, पुढच्या वर्षी तरी बोलेल का, माहीत न्हाई. मला बघितलं की तिला तूच आठवणार. तरी तिला सोडून मी तुझ्याकडं येणार न्हाई. ती मारेल, शिव्या देईल, तोंड फिरवेल, पण मी रोज तिच्या डोळ्यांसमोर जिता राहीन.

तुझा,
बाळ्या