खुराड्यावरचं लुगडं

मयुरी बेटा,

खुराड्याले लावाची जाळी आणाले मी सेलूले जाऊन राह्यलो. कोल्ह्यानं काल कोंबडी नेली म्हणून रडत बसू नको. मी अंगावरचं जुनं कापड बांध म्हटलं, तं तू सासूचं लुगडं साबणानं धुऊन बांधलं. गेलेल्या माणसाचं, म्हणून धुतलं असशीन. पण कोल्हा माणसाच्या वासाले भेते, कापडाले नाई. आता माही घामाची बंडी बांधली आहे, ते सोडू नको. दिवस बुडाच्या आधी कोंबड्या कोंडजो.

आन् साऱ्या कोंबड्या गेल्या तरी चालन, पण पेटीतलं तिचं हिरवं लुगडं काढू नको. ते अजून धुतलं नाई.

— बाबा