अस्सल आणि नक्कल

सोमवार, ६
लिहीन लिहीन म्हणत आठवडा घालवला. ही वही ताईने दिली. म्हणाली, गावोगाव उंडारतोस, कुठे होतास ते तरी कळेल. तर सध्या आहे ताईच्या माळ्यावर, आणि नोकरीला जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत! दहावीला दोनदा आपटलेला मी, आणि कॉम्प्युटरचं काम. ताईने शब्द टाकला म्हणून.

काम असं. कागदी नोंदी नव्या डेटाबेसात गेल्यात, तो किती भार सोसतो ते मोजायचं. मोजणारी साधनं तीन. एक निवडून द्यायचं. पहिलं नोंदी नुसत्या वाचतं. दुसरं खोट्या नोंदी धडाधड लिहितं आणि तशाच सोडून जातं. तिसरं लिहितं, मोजतं, मग आपलं लिहिलेलं आपणच पुसतं. साहेबांनी बजावलंय, नावं मनाची घाल, आणि चाचणीच्या प्रतीवर, ‘नक्कल’वरच चालव, खऱ्या नोंदींच्या ‘अस्सल’ला हात लावलास तर घरी बसवीन.

खिडकीबाहेर मांजर पाइपावरून चाललंय. पडणार. नाही पडलं.

मंगळवार, ७
पहिलं बाद. नुसतं वाचून भार कसला कळतो? दुसरं मात्र वाघ आहे, सेकंदाला चार हजार नोंदी! त्याला नावं हवी होती. सुचेनात, म्हणून ओळखीची घातली: घरमालक काका, कोपऱ्यावरचा न्हावी, ताई. मग कंटाळलो, पुढे सगळीकडे अबक. मृत्यूची तारीख ते स्वतःच टाकतं, उद्यापासून एकेक दिवस पुढची. साहेबांना सांगून टाकलं, दुसरंच घ्या. वा रे पठ्ठ्या, म्हणाले.

गुरुवार, ९
काल घरमालक काका गेले. जिन्यात टेकले ते टेकलेच. परवाच ओरडले होते, जिना चढतोस की पाडतोस. ताई कालपासून तापाने ग्लानीत, तिला हे कळलंही नाही. आज माती देऊन परतलो, तर न्हाव्याच्या दुकानाला कुलूप. शेजारचा शिंपी सांगत होता, सकाळी खुर्ची पुसता पुसता गेला.

आधी काका. मग न्हावी.

कचेरीत धावलो. मी ‘नक्कल’वर चालवलंच नव्हतं. यादीत ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ एकाखाली एक, बोट चुकलं— ‘अस्सल’मध्ये तिसरी नोंद ताईची. तारीख १०.

साहेब रजेवर. नोंद पुसायचा अधिकार त्यांनाच, माझ्या हाताने पुसली जात नाही.

शुक्रवार, १०, सकाळ
ताईचा ताप चढतच चाललाय. मला ओळखत नाही. डॉक्टर नुसते मान हलवतात.

तिसरं साधन पुसतं, पण फक्त आपलं. त्याला पटवायचं, की मंगळवारी एका दमात लिहिलेल्या नोंदींची ती फेरी तुझीच. एकटी ताई निघणार नाही. पुसायची तर अख्खी फेरी—

शुक्रवार, दुपार
पुसली.

ताई उठून बसली! ताप नाही. म्हणते, तोंड काय पाडलंस, जेवायला वाढ.

अख्खी फेरी म्हणजे तिघांचंही मरण पुसलं. तेव्हा हे डोक्यात—

बेल वाजली. काका गेले ते ताईला माहीत नाही. दोन दिवस ती शुद्धीतच नव्हती. मी नको म्हणायच्या आत गेली दार उघडायला. खालून हाक मारतेय, अरे, काका आलेत, अंगभर केवढी माती, आणि त्यांच्यामागे जिन्यात अजून—