खारीचा चुरा

पप्पा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि मला तुमचा राग आला तो गेल्या गुरुवारी. आपल्या जुन्या बेकरीत पाव घ्यायला गेले होते. तिथले चाचा आता थकलेत, गल्ल्यावर सून बसते, ते बाजूला खुर्चीत असतात. माझ्याबरोबरचा कुत्रा बघून त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, "तुमचे वडील रोज सकाळी यायचे ना, त्या तांबड्याला घेऊन. दोन खारी. आधी कुत्र्याला द्यायचे, मग स्वतः खायचे. अल्ला बख्शे, फार नेक माणूस." मी हसून मान डोलावली. तिथून वडाळे तलावापर्यंत कशी आले ते मला आठवत नाही.

तांबड्याचं सगळं माझ्याकडे होतं, फक्त सकाळचं फिरणं तुमचं. मी तेरा वर्षांची होते आणि जे करत होते ते तुम्हीच शिकवलेलं. पाण्याचं भांडं दोन्ही वेळा घासून भरायचं, नुसती भर घालायची नाही. बाहेरून आला की पंजाच्या बोटांमध्ये आणि कानांमागे गोचीड आहे का बघायचं. ओल्या फडक्याने दात पुसायचे. जेवण वाटीने मोजून, दोनदा, ठरल्या वेळी. आणि आपल्यात मुक्या जनावराला घातल्याशिवाय पानावर बसत नाहीत, हे तर तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावून सगळे टेबलाशी उभे असले, तरी मी आधी त्याची थाळी भरून यायचे. शनिवारी दुपारी तुम्ही त्याच्या कुशीवरून हात फिरवायचात. फासळ्या हाताला लागायला हव्यात, डोळ्यांना दिसता कामा नयेत, ही तुमची परीक्षा. त्या वर्षी त्या हाताला लागेनात. तुम्ही मला स्वयंपाकघरात बोलावलंत, आई भाकरी थापत होती, आणि तिच्यासमोर म्हणालात, "लाडापोटी जनावर मारशील तू."

मी वाटी अर्धी केली, पप्पा. तो रिकामी थाळी चाटत स्वयंपाकघरभर ढकलत न्यायचा आणि मी कानांवर उशी दाबून अभ्यास करायचे. तरी तो सुटतच होता. तुम्ही दर शनिवारी हात फिरवत होतात आणि माझ्याकडे बघत होतात. तुम्हाला ठाऊक होतं! साखर वाढली म्हणून आईने तुमचं बेकरीचं खाणं बंद केलं होतं, ते चोरून चाललं होतं एवढंच. मला सांगितलं असतंत तर मी आईला कळू दिलं नसतं.

मग त्याला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यातलं ते पत्र्याचं टेबल अजून डोळ्यांसमोर आहे. तो पाठीची कमान करून उभा आहे, मी त्याचं डोकं धरलंय. डॉक्टर म्हणतात, स्वादुपिंडाला सूज आहे, याला तुपातेलाचं कोण घालतं? मी म्हणते, "मी नाही." तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवता आणि म्हणता, "मुलं ऐकत नाहीत, डॉक्टर." तिसऱ्या दिवशी तो गेला. पुढे कित्येक वर्षं मी आठवत राहिले, कधी चुकून भाकरीचा तुकडा दिला होता का, कोणाच्या लग्नातलं काही आणलं होतं का. कुत्रा पाळायचा नाही असं ठरवून टाकलं. तुम्ही जायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या उशाशी बसून तांबड्याबद्दल माफी मागितली होती. तुम्ही डोळे मिटून ऐकून घेतलंत. निदान तेव्हा तरी बोलायचं होतंत. त्या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि करेन असंही वाटत नाही.

आता घरात कुत्रा आहे तो माझ्या लेकीच्या हट्टाने. त्याचं पाणी, कान, पंजे, सगळं तीच बघते, मीच शिकवलंय. आज सकाळी ती कॉलेजला गेल्यावर मी बेकरीत जाऊन दोन खारी घेतल्या. तुम्हाला त्यात असं काय मिळत होतं ते मला बघायचं होतं. तलावाच्या कट्ट्यावर बसून आधी त्याला दिली, मग मी खाल्ली. त्याने माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि खरं सांगते, बरं वाटलं. संध्याकाळी लेकीला त्याच्या गळ्याखालच्या केसांत चुरा सापडला. तिने विचारलं, "आई, याला खारी कोणी घातली?" मी म्हटलं, शेजारच्या आजोबांनी दिली असेल. ती आत्ता त्यांना समजवायला गेली आहे, भिंतीपलीकडून तिचा आवाज येतोय, आणि मी उठून तिकडे जायचं सोडून इथे बसून तुम्हाला लिहिते आहे.