बोया खरा कुठे आहे

लोफाले, हाअपाई
१४ जून

चि. सेमिसीस,

आत्याचा आशीर्वाद. इकडची खुशाली कळवायची रीत आहे, म्हणून कळवते. यंदा कोनफळं चांगली धरली. डुकरीला सात पिल्लं झाली. तुझ्या बापाचा डावा पाय गुडघ्याखालून कापला.

हे तुला तुमच्या बंदर खात्याच्या ऑफिसातल्या कागदावरून कळलंच असेल. त्या कागदात ‘नावाड्याचा निष्काळजीपणा’ असं लिहिलंय. तीस वर्षं ज्यानं साऱ्या बेटाच्या बाळंतिणी पांगाईच्या दवाखान्यात सुखरूप पोचवल्या, त्या माझ्या भावाला, केलेपीला, निष्काळजी म्हणता? लाज वाटत नाही तुम्हा लोकांना?

बोटीतल्या डब्यात तुमची यादी सापडली. किनाऱ्यालगतच्या, बोटींना वाट दाखवणाऱ्या सगळ्या तरंगत्या बोयांचे अक्षांश-रेखांश, आणि खाली ‘प्रत्यक्ष जाऊन तपासले’ म्हणून तुझी सही. कधी आला होतास रे? नाताळनंतर तुझं तोंड आम्ही पाहिलेलं नाही. फेब्रुवारीत वादळानं समुद्रातल्या खिंडीतली जुनी वाट फुटक्या खडकांनी बुजवली आणि बोया साखळीसकट ओढत नेला; गावकऱ्यांनी तो दक्षिणेला नव्या वाटेवर बांधला. यादी निघाली एप्रिलमध्ये, आणि तीत बोया जुन्याच जागी.

तू म्हणशील, गावातल्या कुणी कळवलं का नाही? अरे, उघड्या हवेत बोया डोळ्यांना दिसतो. कागदावर तो कुठे आहे, याची कुणाला पडलीय! त्या दिवशी मात्र पावसानं हातभर पुढचं दिसेना. तुझ्या बापानं यादीतले आकडे बोटीच्या जीपीएस यंत्रात घातले. मी म्हटलं, “नीट नेशील ना?”

“काळजी करू नकोस, ताई,” तो म्हणाला. “आपल्या सेमिसीनं तपासलेली यादी आहे.”

केवढ्या अभिमानानं म्हणाला! यंत्रानं सांगितलं तिथं वळला, आणि बोट सरळ खडकांवर. इंजिन आणि खडकाच्या मध्ये त्याचा पाय सापडला.

दवाखान्यात तुमचे साहेब जबाब घ्यायला आले, तेव्हा मी पडद्यामागेच होते. हा शांतपणे सांगतो, “यादी बरोबर होती. आकडे घालताना माझाच हात चुकला.” साहेब गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. तर म्हणतो, “मी आता कुठे बोट चालवणार आहे? पोराची नोकरी तरी राहू दे.”

मला ते सहन झालं नाही. गेल्या आठवड्यात एका दिवशी समुद्र शांत होता. शेजारच्या इनोकेची बोट घेऊन मी खिंडीत गेले. बोयाला दोर बांधून, त्याच्या अंगाला लागून तीन वेळा आकडे घेतले. तिन्ही वेळा सारखेच. यादीतल्या जागेपासून तो तीनशे वाव, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त, दक्षिणेला आहे. आकडे सोबतच्या कागदावर आहेत. शाळेची बोट आठवड्यातून दोनदा तिथूनच जाते, एवढं ध्यानात ठेव.

आणि आता एक गोष्ट, जी मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

त्या दिवशी केलेपी निघायला तयार नव्हता. “पाऊस ओसरू दे, तासाभराचा तर प्रश्न आहे,” असं त्यानं दोनदा सांगितलं. पांगाईला चुलतभावाचं मयत होतं. थोरली बहीण म्हणून तिथं सगळ्यांत मानाची जागा माझी. मी पोचायच्या आत दुसरीच कुणी तिथं बसेल, ही मला धास्ती. मी म्हटलं, “मला उशीर झाला तर तुझं तोंड बघणार नाही.” आपल्यात भावानं बहिणीला नाही म्हणायचं नसतं. तो उठला आणि त्यानं दोर सोडला.

हे लिहायला मला चार दिवस लागले. तुझ्यावर चिडत राहणं सोपं होतं. चिडलेली मी अजूनही आहे, तो राग काही उतरायचा नाही. तू न बघता सही केलीस, मी बघूनसुद्धा त्याला पाण्यात ढकललं, आणि दोघांचं ओझं तो एका पायावर उचलतोय.

पुढच्या बुधवारी पांगाईत चौकशी आहे. मी उभी राहून माझं सांगणार. बाप काही म्हणो, तुझं तू सांगायचंस. तुझ्या जागी मी बोलणार नाही, आणि तुला झाकणारही नाही. मंगळवारच्या बोटीनं ये. ती बोयाजवळून जाईल, तेव्हा बाहेर येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

तुझ्या बापाची आणि तुझी गुन्हेगार,
पिसिला आत्या