आपलं कार्ड वाचलं त्या बुधवारी

बाबा,

तुम्हाला जाऊन आता तीस वर्षं होत आली. सांगायच्या गोष्टी पुष्कळ साठल्या आहेत, पण लिहायला बसलं की हात त्या एकाच बुधवारवर येऊन अडतो. आज दुपारी नातीने तिच्या मोबाइलवर जुनी गाणी लावून दिली. "आजी, तू फक्त सांग, कुठलंही लावते," म्हणाली. मी सांगत गेले, ती लावत गेली. बुधवारच्या रेडिओ-कार्यक्रमात गाण्यांचे नंबर लागायचे, ते तुम्ही रजिस्टरात उतरवायचे; त्यात पहिल्या-दुसऱ्या पायदानावर महिनोन् महिने बसलेली सगळी गाणी सापडली. मग मी नकळत एका गाण्याचे शब्द बोलून गेले. तिने तीन-तीनदा शोधलं आणि म्हणाली, "असं गाणंच नाही गं आजी." मी घाईघाईने दुसरंच गाणं सांगितलं. एवढ्या वयात घाबरायचं काय कारण, ते तिला कसं सांगणार? तुम्हालाच सांगते.

खापरखेड्याच्या पावर हाऊसच्या कॉलनीतलं आपलं क्वार्टर मला अजून जसंच्या तसं दिसतं. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, व्हरांड्याच्या वर एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची पट्टी, तुमची एरियल. बुधवारची संध्याकाळ मोकळी मिळावी म्हणून तुम्ही कोणाकोणाच्या पाळ्या अंगावर घ्यायचे. आईची कुरकुर चालायची, "गाण्यासाठी माणूस डबल ड्यूटी करून राहिला, असं कुठं पाह्यलं नाही बाई." तुम्ही हसून आंघोळीला जायचे आणि इस्त्रीचा शर्ट घालून स्टुलावरच्या रेडिओसमोर बसायचे, जणू तो निवेदक तिकडून तुम्हाला पाहणार आहे. आठ वाजायच्या आत आपल्या रांगेतली आठ-दहा घरं व्हरांड्यात गोळा झालेली असत. समुद्रापलीकडच्या स्टेशनाचा आवाज लाटेसारखा यायचा, जायचा. गेला की तुम्ही एक बोट वर करायचे आणि सगळे श्वास धरून बसायचे.

रजिस्टरात तुम्ही नेहमी खालच्या पायदानापासून लिहायचे. एकदा मी विचारलं, तर म्हणालात, "वरचं गाणं साऱ्या जगाले लक्षात राह्यते, बाई. खालच्याले कोण पुसते? आपण लिवून ठेवलं तर तेवढंच." तुम्ही आपल्या रांगेचं श्रोता मंडळ काढलं होतं. दर आठवड्याला मंडळाच्या पसंतीची गाणी पोस्टकार्डावर लिहून पाठवायची, खाली सगळ्यांची नावं. कधीमधी तो निवेदक एखाद्या मंडळाचं कार्ड गावाच्या नावासकट वाचायचा. चार वर्षं तुम्ही कार्डं पाठवत होतात आणि चार वर्षांत आपलं नाव एकदाही आलं नव्हतं. तुमचं शिक्षण मराठी चौथीपर्यंतचं, हिंदी लिहायला लाजायचे, म्हणून कार्ड मी लिहायची. तुम्ही सांगायचे, मी लिहायची, तुम्ही न वाचता खाली सही करायचे. एवढा भरवसा.

त्या वर्षी मी नागपूरला कॉलेजात जायला लागले होते. सकाळच्या बसच्या थांब्यावर पावर हाऊसच्या प्रयोगशाळेत नवीन लागलेला एक तरुण उभा असायचा. शेतकऱ्याच्या घरचा, मोठ्या वाड्यावावराचा आहे, एवढं आणि त्याचं नाव कोणाच्या तरी बोलण्यातून कळलेलं. तो मला ओळखतही नव्हता, बाबा. आम्ही एक शब्द बोललो नाही. तो थांब्यावर उभा राहून एक गाणं शिटीवर वाजवायचा. ते गाणं तेव्हा नुकतंच शेवटच्या पायदानावर आलं होतं, कसंबसं नवव्यापर्यंत चढलं आणि तीन-चार आठवड्यांत उतरून गेलं. तुम्हाला ते आवडत नव्हतं. "रडकं हाय," म्हणाला होतात. त्या आठवड्याचं कार्ड लिहून झालं, तुम्ही सही केली आणि म्हणालात, "जाताजाता पेटीत टाकून दे." थांब्यावर उभ्या उभ्या, दप्तराच्या आधाराने, तळाच्या मोकळ्या ओळीत मी ते गाणं लिहिलं आणि पुढे माझं नाव आणि त्याचं नाव, मध्ये 'और' घालून, 'की खास पसंद'. का लिहिलं? सतरा वर्षांच्या मुलीला विचारून काय मिळणार! लिहिलं आणि बसची घाई म्हणून पेटीत टाकलं.

बस नदीच्या पुलावर आली तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. कॉलनीत तिसऱ्या रांगेतल्या मुलीच्या वहीत नुसती एक चिठ्ठी सापडली होती, तर पंधरा दिवसांत तिचं कॉलेज सुटून भंडाऱ्याकडे लग्न लागलं होतं. तिची आणि त्या मुलाची तर जातही एकच. आपलं तसं नव्हतं. दीक्षाभूमीवर तुम्ही वीस-बावीस वर्षांचे असताना उभे होतात, त्या दिवसाचं तुम्ही बोलायचे तेव्हा तुमचा आवाज बदलायचा, आणि शेवटी नेहमी एकच वाक्य, "सारे आपल्याकडं पाहून राह्यले, बाई. कोणाले बोट दाखवाले जागा देऊ नोको." आणि मी ती जागा माझ्या हाताने, शाईने लिहून दिली होती. कॉलेजला न जाता मी मिळेल त्या बसने परत आले आणि थेट पोस्टात गेले. पोस्टमास्तर टपालाच्या रिकाम्या थैल्या मोजत बसले होते.

"काका, सकाळचं एक कार्ड परत पाहिजे होतं. चूक झाली लिहिण्यात."

"थैली तर केव्हाची गेली, बेटा. अन् असती तरी काय? पेटीत पडलं का ते सरकारचं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "काहून वं, एवढी काहून घाबरली? कोणाले लिवलं होतं?"

मी पळत सुटले.

त्यानंतरचे बुधवार कसे काढले ते माझं मला माहीत. कार्ड पोचायला, निवडायला दोन-तीन आठवडे लागतात असं तुम्हीच सांगायचे. म्हणजे तुमची आशा जिथून सुरू व्हायची तिथूनच माझी भीती सुरू व्हायची. निवेदक "एक कार्ड" म्हणाला की तुम्ही पुढे सरकायचे आणि मी मनातल्या मनात म्हणायची, आपलं नसो, आपलं नसो. ते जबलपूरचं निघायचं, नाहीतर इटारसीचं. तुमचे खांदे खाली यायचे आणि माझा श्वास सुटायचा. तुमचं नुकसान मागत मी तुमच्याशेजारी बसलेली असायची. दुसऱ्या बुधवारी मी बसायची जागा बदलली. रेडिओची वायर दाराच्या फटीतून आत खोलीत यायची, तिथल्या प्लगाजवळ उंबऱ्याला टेकून बसायला लागले. आईने विचारलं, "तिथं काहून बसली? वारा तं इकडं हाय." मी म्हटलं, बरं वाटतं इथं. म्हणजे ते ऐनवेळी सुचलं नव्हतं, बाबा. मी ठरवून तिथे बसले होते.

चौथ्या बुधवारी, सहाव्या पायदानाचं गाणं संपलं आणि निवेदक खळखळून हसत म्हणाला, "अब एक कार्ड आया है नागपुर के पास, खापरखेडा से." व्हरांड्यात एकच गलका उठला. कोणीतरी तुमच्या पाठीवर थाप मारली. तुम्ही हात वर केला आणि सगळे गप्प झाले. मला तुमचा चेहरा अर्धाच दिसत होता. तुम्ही डोळे मिटले होते. "वहाँ के श्रोता मंडल के अध्यक्ष..." एवढंच आलं. पुढचा शब्द तुमचं नाव होता. मी वायर ओढली. प्लग फटकन निघाला, जरा ठिणगी उडाली आणि रेडिओच्या हिरव्या दिव्याचा डोळा मिटला. क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग सगळे माझ्याकडे वळले आणि मी भीतीने ओरडले, "झटका बसला!"

झटका बसलाच नव्हता. पण तुम्ही खुर्ची पाडून धावलात. लायनीवर काम करायचे तेव्हा तुमच्या सोबत्याची बोटं तुमच्या डोळ्यांदेखत जळाली होती, ते तुम्ही कधी विसरला नाहीत. तुम्ही माझा हात दिव्याखाली धरला आणि एकेक बोट उलटून पालटून पाहिलं. "दुखते का? बोल ना माय, दुखते का?" मागून शेजारचे काका कळवळून म्हणाले, "अरे, रेडिओ तं लाव गा आधी! तुहं नाव घेऊन राहिला तो!"

"चुप बस!" तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की आईसुद्धा दचकली. "पोरीचा हात पाहू दे मले."

चार वर्षांत पहिल्यांदा तुमचं नाव उच्चारलं जात होतं आणि तुम्ही माझी न भाजलेली बोटं मोजत होतात. कोणीतरी प्लग लावला. तो जुना सेट, आतले व्हॉल्व तापायला अर्धं मिनिट लागायचं. डोळा हिरवा झाला तोवर पाचव्या पायदानाचं गाणं सुरू झालं होतं. "पावर हाऊसवाल्याच्या घरीच बत्ती गुल!" कोणी तरी म्हणालं, सगळे हसले, तुम्हीही हसलात. मग खुर्ची उचलून बसलात आणि शेवटपर्यंत रजिस्टर लिहिलंत.

पण मी आपल्या घरची वायर ओढली होती, कॉलनीतली सगळी नाही. त्या रात्री हे लक्षात आलं आणि झोप उडाली. सकाळी तुम्ही नवीन प्लग बसवून कामावर गेलात. मी बस चुकवली, अंग दुखतं म्हणून घरीच राहिले. दुपारी तुमच्या सायकलचा आवाज आला तेव्हा मी चुलीपुढे भाकरी थापत होते आणि हात जागच्या जागी राहिला. तुम्ही पाणी मागितलं. सावकाश प्यालात.

"अर्जुनाच्या झाडाजवळच्या क्वार्टरवाल्यानं ऐकलं म्हणे," तुम्ही आईला सांगितलंत. "पुरं कार्ड वाचलं. साऱ्यायची नावं घेतली."

"मंग चांगलंच झालं की," आई म्हणाली. "तुमचंही घेतलं असंल."

"घेतलं." तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी जळायला लागली होती. "बाई, भाकर पाह्य." मग पेला खाली ठेवता ठेवता म्हणालात, "आता पुढचं कार्ड मी लिवत जाईन. तुह्या परीक्षा जवळ आल्या."

परीक्षेला चार महिने होते. मला वाटलं, आता विचाराल, आता हात उगाराल, आता कॉलेज बंद म्हणाल. तुम्ही जेवलात आणि झोपलात. दुसऱ्या दिवशी बसचे पैसे द्यायला मला हाक मारलीत. पंधरा दिवस मी कोणी दाराशी आलं की आत पळायची. कोणी काही बोललं नाही. तो तरुण पावसाळ्याआधी दुसरीकडे नोकरी लागून निघून गेला. मी बी.ए. झाले, शिक्षिका झाले, तुम्ही पाहिलेल्या मुलाशी सुखाने संसार केला. आपलं कार्ड पुन्हा कधी वाचलं गेलं नाही आणि तुम्ही मला पुन्हा कधी कार्ड लिहायला सांगितलं नाहीत.

तुम्हाला कळलं होतं का, बाबा? हे मी तुम्हाला वीस वर्षं विचारू शकले असते. नागपुरात नंदनवनच्या घरात शेवटच्या आजारात रोज तुमच्या उशाशी बसायची. एकदा तुम्ही म्हणालात, "काही बोलाचं हाय का तुले?" मी म्हटलं, नाही, औषध घ्या.

तुम्ही गेल्यावर काही दिवसांनी तुमची पेटी आवरताना रजिस्टर निघालं. त्या बुधवारच्या पानाखाली 'आपले कार्ड वाचले' एवढंच. पुढच्या आठवड्यांत कार्डावर पाठवलेल्या मंडळाच्या पसंतीची नक्कल तुमच्या हिंदीत, वाकड्यातिकड्या अक्षरात. आणि प्रत्येक यादीच्या शेवटी ते रडकं गाणं. एकदा नाही, सलग सात आठवडे. ते केव्हाच उतरून गेलं होतं, त्याला कोणी पुसत नव्हतं, आणि तुम्ही ते लिहून पाठवत होतात. पुढे नाव कोणाचंच नाही. मी पान मिटलं आणि पेटी बंद केली. माया असेल, नाहीतर मला न सांगता सांगितलेलं काही असेल. नीट पाहायचं धैर्य झालं नाही, आजही होत नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. पेटीत टाकलेलं परत मिळत नाही, एवढं मला ठाऊक आहे. एकच अजून सांगायचं राहिलं. डॉक्टरांनी तुमचा हात खाली ठेवला आणि मान हलवली, तेव्हा आई रडायला लागली. मला रडू यायला जरा वेळ लागला. त्याआधी, बाबा, एक क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, आता तुम्ही विचारणार नाही.