चालत काढलेलं घर

चि. मेघा,

तुला बाबाचा जय भीम. फोनवर माझा आवाज फुटतो, म्हणून ही चिठ्ठी सोयगावच्या गाडीच्या कंडक्टरजवळ देतोय.

हितं दवाखान्यात आईचं औषधपाणी नीट चालू आहे. तू माहेरी राहून घर सांभाळतीस, म्हणून आमाला तिकडचा घोर नाय. शेळी चारा खाती का?

बायकांच्या वॉर्डात बाप्या माणसाला चारलाच सोडतात. तवर मी शहरात चालतो. तू फोनात घालून दिलेलं ॲप नकाशावर माझ्या चालीची रेघ काढतं. आई सांगती ते चित्र चालायचं आन चारला तिला दाखवायचं. परवा गुलमंडीच्या गल्ल्यांतून बदक काढलं. लई हसली.

काल तिनं आपलं घर मागितलं. औरंगपुऱ्यापासून पैठण गेटापर्यंत फिरून रेघ बरोबर जुळवली. बघून म्हणाली, "दारच नाय ठेवलं. मी आत जाऊ कुठून?"

आज परत तेच चाललो, पण एक गल्ली आधीच थांबलो. दार राहिलं. चारला फोन तिच्या तोंडापुढं धरला, दोनदा हाक मारली. तिनं डोळे उघडले नाय.

शनिवारी नको, उद्याच ये. शेळी शेजारी बांध. घराला मात्र कुलूप घालू नको.

तुझा बाबा,
सखाराम